जुन्या दुनळीत पोलादी छर्‍यांची काडतुसे: तोंडाजवळचे कडे पुन्हा पुन्हा का उठते?

बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, शिशाच्या छर्‍यांवर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. पोलादी छर्‍यांची काडतुसे वापरायला लागल्यावर मात्र एका नळीच्या तोंडापासून दोन-तीन बोटे अलीकडे, बाहेरच्या अंगाने, एक बारीक कडे उठून येते. कारागीर ते ठोकून बसवतो, नळी पुन्हा गुळगुळीत दिसू लागते आणि पुढच्या मोसमात कडे नेमके त्याच जागी परत येते. या तक्रारीवर बहुतेकांचे पहिले उत्तर ‘बंदूक म्हातारी झाली’ असे असते आणि दुसरे ‘पोलाद नळी खाते’ असे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. कडे ठोकून बसवल्याने ते उठवणारे कारण जागेवरच राहते, उलट एकदा ताणले गेलेले धातूचे कडबोळे दुसर्‍या खेपेला अधिक सहज ताणले जाते. म्हणून ते परत येते. कारण बहुधा चोक (नळीच्या तोंडाशी मुद्दाम ठेवलेला अरुंद भाग), छर्‍याचा व्यास, काडतुसाची लांबी आणि नळीच्या भिंतीची जाडी या चौघांपैकी एका-दोघांत सापडते, आणि ते शोधण्याचा क्रम ठरलेला असावा.

कडे दिसले की त्या नळीतून आणखी एकही बार काढू नये. ‘एकदा तपासून पाहू’ म्हणून उडवलेल्या काडतुसाने काहीच सिद्ध होत नाही. नळी त्या बाराला टिकली, एवढेच त्यातून कळते. ताण किती साचला आहे हे कळत नाही.

कडे आहे की नाही, हे कसे पाहावे

दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून नळ्या दस्त्यापासून सोडवाव्यात, आतून कोरड्या पुसून घ्याव्यात आणि उजेडाच्या खिडकीकडे धराव्यात. नळीतून खिडकीच्या आडव्या गजाकडे पाहिले, की त्या गजाची सावली आतल्या भिंतीवर एक लांब सरळ रेघ होऊन उमटते. नळी सावकाश फिरवली तर निरोगी नळीत ती रेघ अखंड सरकत राहते. जिथे फुगवटा असेल तिथे रेघ वाकते किंवा तुटते आणि एक काळसर वर्तुळ दिसते. चोक जिथे सुरू होतो तिथे प्रत्येक नळीत सावली किंचित बदलतेच, त्यामुळे दोन्ही नळ्या एकीपाठोपाठ एक पाहून तुलना करावी. नंतर डोळे मिटून अंगठा आणि तर्जनी यांच्या हलक्या चिमटीत नळी धरावी आणि चिमूट मागच्या टोकाकडून तोंडाकडे सरकवावी. डोळ्याला न दिसणारे कडे बोटांना लागते. वर्षभर याच सवयीने नळ्या पुसणार्‍याला ते पहिल्या दिवशीच कळते. इतरांना बाहेरचा निळा मुलामा घासल्यासारखा दिसेपर्यंत कळत नाही.

आणखी एक जुनी चाचणी येथे उपयोगी पडते. नळ्यांचा जोड त्यांच्या मागच्या हुकाला दोरी बांधून लटकता धरावा आणि लाकडी काडीने हळूच टिचकी मारावी. दोन नळ्यांमधल्या पट्टीची डाख (धातू वितळवून केलेला जोड) शाबूत असेल तर घंटेसारखा लांबणारा नाद येतो. कुठे डाख सुटली असेल तर आवाज बद्द येतो. तोंडाजवळ वारंवार ताण बसलेल्या जुन्या दुनळीत कड्याबरोबर पट्टीही सैल झालेली असू शकते, आणि ती फट पुढे ओल धरून आतून गंज वाढवते.

खूण कुठे आहे, यावरून कारण ओळखावे

कडे तोंडाजवळ, चोकच्या उतारावर असेल तर पुढील सर्व विवेचन त्याच्याविषयी आहे. फुगवटा नळीच्या मधोमध असेल तर मात्र पोलादी छर्‍यांना दोष देण्याआधी अडथळ्याचा विचार करावा. दबका बार निघाल्यावर नळीत अडकून राहिलेला वॅड (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसणारे बूच किंवा पेला), तोंडातून शिरलेला चिखल किंवा बर्फ, पुसताना राहिलेला चिंधीचा बोळा यांपैकी काहीही तिथे असू शकते. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत घातले तर ते चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) घसरून पुढे अडकते, आणि त्याच्या मागे बारा बोअरचे काडतूस सहज बसते. त्यानंतर चाप ओढला की नळी फाटते. वीस बोअरची काडतुसे बहुधा पिवळ्या रंगाची असतात, ती याच अपघातामुळे.

आतल्या भिंतीवर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे दिसत असतील तर वॅडने आपले काम केलेले नाही. पोलादी छर्रे जाड प्लास्टिकच्या, किंवा त्याच कामासाठी बनवलेल्या विघटनशील, पेल्यात बसलेले असावे लागतात आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा भिंतीशी संपर्क येता कामा नये. शिशासाठी बनवलेल्या साध्या फायबर वॅडवर पोलादी छर्रे भरलेले घरगुती काडतूस म्हणजे नळीतून कानस फिरवण्यासारखे आहे. शिशाची भरण-सारणी पोलादाला लावणे त्याहून धोक्याचे, कारण दाब कुठे जाईल याचा अंदाजच राहत नाही.

बंदूक उघडायला जड जात असेल, रिकामे काडतूस ओढून काढावे लागत असेल किंवा काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी सपाट होऊन बाहेर आली असेल, तर तक्रार चोकची नसून दाबाची आहे. अशा वेळी सर्वांत आधी चेंबरची लांबी मोजावी.

पोलाद वेगळे का वागते

‘पोलादी छर्रे’ हे नाव थोडे फसवे आहे, कारण ते कातरी-चाकूचे पोलाद नसते. ते कमी कार्बनचे, मुद्दाम मऊ ठेवलेले लोखंड असते, आणि आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या कठीणतेला कमाल मर्यादा घातलेली आहे. तरीही शिशाच्या मानाने ते कितीतरी पटींनी कठीण आहे. शिशाचे छर्रे चोकच्या उतारावर आले की एकमेकांत दबतात, चपटे होतात आणि सबंध रास अरुंद वाटेतून पिठाच्या गोळ्यासारखी निसटते. पोलादी छर्रे दबत नाहीत. अरुंद तोंडापाशी ते क्षणभर एकमेकांना अडवून कमान धरतात आणि तो सगळा धक्का बाहेरच्या दिशेने, म्हणजे नळीच्या भिंतीवर, जातो. भिंत पातळ आणि धातू जुन्या मऊ पोलादाचा असेल तर ती तेवढ्याच पट्ट्यात किंचित फुगते. एका बाराने हे फुगणे दिसत नाही. पन्नास-शंभर बारांनी दिसते.

दुसरे कारण आकारमानाचे आहे. शिशाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ११.३ ग्रॅम आणि पोलादाची सुमारे ७.८. म्हणजे २८ ग्रॅम शिसे जिथे जेमतेम अडीच घन सेंटिमीटरमध्ये बसते, तिथे तेवढ्याच वजनाच्या पोलादाला साडेतीनहून अधिक घन सेंटिमीटर जागा लागते. छर्‍यांमधली पोकळी दोन्हीकडे धरली तरी हे प्रमाण बदलत नाही. काडतुसाची नळकांडी तेवढीच असल्यामुळे ही वाढीव जागा वॅडच्या दबणार्‍या मधल्या भागातून काढून घेतली जाते, आणि शिशाच्या काडतुसात धक्का शोषणारी ती गादी पोलादी काडतुसात फारशी उरत नाही. जुन्या बंदुकांत चेंबर संपून नळी सुरू होते तिथला उतार आखूड आणि तीव्र असतो, आणि हा न दबणारा ऐवज त्या उतारावर जोराने आदळतो. तोंडाजवळचे कडे सगळ्यांना दिसते. या मागच्या टोकाच्या माराकडे फारसे कोणी पाहत नाही.

मोजमाप घ्यावे, अंदाज करू नये

पुढची लाकडी पकड काढून नळ्यांच्या मागच्या टोकाखालचा सपाट भाग पाहावा. युरोपात बनलेल्या जवळजवळ प्रत्येक बंदुकीवर तिथे कसोटीचे शिक्के, म्हणजे नळी दाबाच्या तपासणीला उतरल्याच्या खुणा, असतात. जुन्या ब्रिटिश बंदुकीवर चेंबरची लांबी इंचांत कोरलेली आढळते, आणि १९५४ च्या नियमांखाली तपासलेल्या बंदुकीवर दाब टनांत लिहिलेला असतो: अडीच इंची चेंबरला दर चौरस इंचाला ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन टन, तीन इंचीला ४ टन. अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटर आणि पावणेतीन इंच म्हणजे ७० मिलिमीटर. बाजारातली बहुतेक पोलादी काडतुसे ७० मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात, आणि घोटाळा येथेच होतो: काडतुसावर छापलेली लांबी ही बार निघून तोंड उघडल्यानंतरची असते. न उडवलेले, तोंड मुडपलेले ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सहज बसते, बंदूक नीट मिटतेही. बार निघताना मात्र त्याचे उघडणारे ओठ पुढच्या उतारात घुसतात, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ‘बसले म्हणजे चालते’ हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

शिक्क्यांवरून आणखी एक गोष्ट कळते: नळी नायट्रो म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे की फक्त काळ्या दारूसाठी. केवळ काळ्या दारूच्या कसोटीला उतरलेल्या नळीत आजचे कोणतेही काडतूस, मग ते शिशाचे असो वा पोलादाचे, घालू नये. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळ्यांना नायट्रोचा शिक्का असला तरी पोलादी छर्रे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या नळीवरची नक्षी जितकी सुंदर, तितके तिच्यातले सांधे जास्त.

मात्र शिक्का तपासणीच्या दिवसाचे सांगतो, आजचे नाही. नळी नंतर आतून घासून मोठी केलेली असू शकते, तोंडाकडून कापून आखूड केलेली असू शकते, चोक उघडलेला असू शकतो. म्हणून आतला व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजून शिक्क्याशी ताडून पाहावा. जुन्या ब्रिटिश नळीवर ०.७२९ इंच कोरलेले असेल आणि माप ०.७४० पर्यंत पोहोचले असेल, तर ती नळी कसोटीबाहेर गेली असे समजतात. भिंतीची जाडी मोजायला वेगळे उपकरण लागते, ते घरी नसते, आणि व्हर्निअर तोंडाला लावून काढलेला आकडा केवळ तोंडाचा असतो. धोका असतो तो तोंडाच्या थोडे मागे. या एका मोजमापासाठी तरी जाणत्या गनस्मिथकडे जावेच लागते.

चोकचे आकडे लक्षात ठेवणे सोपे आहे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. तोंडाशी तो पाव मिलिमीटरने कमी असेल तर पाव चोक, अर्ध्या मिलिमीटरने कमी असेल तर अर्धा चोक, आणि सुमारे एक मिलिमीटरने कमी असेल तर पूर्ण चोक. जुन्या बंदुकीत पोलादासाठी अर्ध्या चोकच्या पुढे जाऊ नये. यात नुकसान काही नाही, कारण न दबलेले छर्रे सरळ जातात आणि पोलादाचा फैलाव मुळातच आटोपशीर पडतो; शिशाला अर्धा चोक जे देतो ते पोलादाला बहुधा पाव चोक देतो.

खोक्यावर काय वाचावे

सीआयपी या आंतरराष्ट्रीय कसोटी संस्थेच्या मानकात पोलादी काडतुसांचे दोन वर्ग आहेत. बारा बोअरच्या सामान्य वर्गात कमाल सरासरी दाब ७४० बार (येथे बार हे दाबाचे एकक) आणि छर्‍याचा व्यास ३.२५ मिलिमीटरपर्यंत, उच्च क्षमतेच्या वर्गात दाब १,०५० बारपर्यंत आणि छर्रे त्याहून मोठे. दुसरा वर्ग फक्त अशा बंदुकीत वापरायचा जिच्यावर लिलीच्या फुलाच्या आकृतीचा पोलादी छर्‍यांचा खास शिक्का आहे, आणि तिथेही छर्रा ४ मिलिमीटरहून मोठा असेल तर चोक अर्ध्याहून घट्ट चालत नाही. हा शिक्का जुन्या बंदुकीवर नसतो. म्हणजे जुन्या बंदुकीपुरता विचार सामान्य वर्गावरच संपतो.

छर्‍याच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. ब्रिटिश ४ क्रमांकाचा छर्रा ३.१ मिलिमीटरचा असतो. अमेरिकी पद्धतीत १७ मधून क्रमांक वजा केला की व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो. म्हणून तिकडचा ४ क्रमांक ०.१३ इंच, म्हणजे ३.३ मिलिमीटर होतो आणि सामान्य वर्गाची मर्यादा केसभर ओलांडतो. दोन खोक्यांवर आकडा तोच, पण एक खोके रेषेच्या आत आणि दुसरे बाहेर. मिलिमीटर छापलेले नसतील तर ते खोके जुन्या बंदुकीसाठी घेऊ नये.

अमेरिकी बंदुकांवर सरकारी कसोटीचे शिक्के नसल्यामुळे तिथे उत्पादकाचा शब्द पाहावा लागतो. ब्राउनिंग कंपनी बेल्जियममध्ये बनलेल्या ऑटो-५ या एकनळी बंदुकीच्या नळ्यांत आणि सुपरपोज्ड या वर-खाली दोन नळ्यांच्या बंदुकांत पोलादी छर्रे वापरू नयेत असे सांगते. ऑटो-५ साठी मात्र जपानमध्ये बनलेल्या, बदलत्या चोकच्या नळ्या जुन्या बंदुकीवर बसतात, आणि त्या चालतात. बंदूक तीच ठेवून नळी बदलण्याची ही सोय दुनळीला नाही.

मग उपाय काय

चेंबर ७० मिलिमीटरचे आहे, नायट्रोचा शिक्का आहे, आतला व्यास मापात आहे, भिंत पुरेशी जाड आहे आणि फक्त चोक घट्ट आहे, अशी स्थिती असेल तर गनस्मिथकडून चोक पाव ते अर्ध्यापर्यंत उघडून घ्यावा आणि सामान्य वर्गाची काडतुसे वापरावीत. आधीच कडे उठलेल्या नळीत मात्र चोक उघडणे म्हणजे ताणून पातळ झालेल्या जागेजवळची आणखी धातू काढणे असते. तिथली जाडी मोजल्याशिवाय कारागिराला कानस लावू देऊ नये. कडे ठोकून बसवणे ही रूप सुधारण्याची क्रिया आहे. ती करायला हरकत नाही, पण ती केल्याने नळी पोलादाला योग्य ठरत नाही. बदलते चोक बसवलेल्या बंदुकीत चोकच्या नळकांडीवर पोलादासाठीची खूण आहे का ते पाहावे, आणि काही बारांनंतर ती हाताने सुटते का ते तपासावे; ती घट्ट बसून राहू लागली तर तिथेही हाच प्रकार सुरू झालेला असतो.

चेंबर ६५ मिलिमीटरचे असेल, नळ्या पातळ असतील किंवा कडे दुसर्‍यांदा उठले असेल, तर पोलादाचा नाद सोडून बिस्मथकडे वळावे. बिस्मथच्या मिश्रधातूची घनता साधारण ९.६ असते, म्हणजे तो शिसे आणि पोलाद यांच्या मधला. मऊ असल्यामुळे चोकमध्ये अडत नाही आणि फायबर वॅडवरही चालतो. ६५ मिलिमीटरची काडतुसे त्यात मिळतात. तो महाग आहे आणि थोडा ठिसूळही आहे, पण नळीच्या किमतीपुढे ती तक्रार राहत नाही. टंगस्टनच्या बाबतीत सावध राहावे: प्लास्टिकमध्ये टंगस्टनची पूड मिसळून केलेले मऊ छर्रे शिशासारखे वागतात, तर टंगस्टनच्या कठीण मिश्रधातूचे छर्रे पोलादाहूनही कठोर असतात. नाव एकच, वागणूक उलट.

शिशाकडे परत जाणे अनेक ठिकाणी शक्यच नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत १९९१ पासून देशभर शिशाला बंदी आहे, डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सर्वत्र बंद केले, आणि युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या १०० मीटर परिसरात ते चालत नाहीत.

काडतुसे ठेवण्याविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लोखंड गंजते. ओल शिरलेल्या जुन्या काडतुसात छर्रे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गोळा होऊ शकतो, आणि असा गोळा चोकवर आला तर कड्यावर भागत नाही, तोंडच फाटते. डाग पडलेले, फुगलेले किंवा पाण्यात पडून वाळवलेले पोलादी काडतूस बाद समजावे. पोलादी छर्रे दगडावरून आणि पाण्यावरून शिशाहून अधिक उसळतात, म्हणून मागची जमीन पाहूनच बार काढावा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

एका परिचिताच्या दुनळीत उजवी नळी पाव चोकची होती आणि डावी जवळजवळ पूर्ण चोकची. कडे अर्थातच डावीत उठले होते. भिंतींची जाडी पुरेशी निघाली, चेंबरही ७० मिलिमीटरचे. त्यांचा विचार असा होता की उजवीत पोलाद आणि डावीत बिस्मथ घालावे, म्हणजे खर्च निम्मा होईल. कागदावर हे बरोबर आहे. पण दोन चापांच्या बंदुकीत थंडीने बधिर झालेले बोट आणि घाईत खिशातून काढलेली, जवळजवळ सारखी दिसणारी दोन काडतुसे यांच्यावर तो हिशेब उभा होता. आम्ही दोन्ही काडतुसे त्यांच्या हातमोज्यातल्या हातावर ठेवली आणि न पाहता ओळखायला सांगितले. तीनपैकी दोनदा ते चुकले. आता त्या बंदुकीच्या दोन्ही नळ्यांत बिस्मथच जाते, आणि पोलादी काडतुसांचे उरलेले खोके त्यांनी नव्या बंदुकीच्या कपाटात, वेगळ्या कुलपाखाली ठेवले आहे.